तुम्ही विचारलंत म्हणून: सोंगट्यांच्या कोड्याला एवढं कशाला?

“चार बाय चारचं सोंगट्या सरकवायचं कोडं, १ ते १५ आकडे आणि एक रिकामं घर. त्याला ‘फंक्शनल रिॲक्टिव्ह’ कशाला? सरळ ॲरे, म्हणजे आकड्यांची एक यादी घ्या, सोंगटी हलली की बदला.” खानापूरच्या माझ्या रविवारच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात दर तुकडीत कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, तर नीट सांगतो. फंक्शनल रिॲक्टिव्ह ही प्रोग्रॅम लिहिण्याची एक पद्धत: आत्ताची स्थिती हातानं बदलायची नाही, घडलेल्या घटनांवरून आणि वेळेवरून सूत्रानं काढायची.

फोनवरचा हा खेळ पहिल्यांदा मी तुम्ही म्हणता तसाच लिहिला होता. पट एकीकडे, रिकाम्या घराचा नंबर दुसरीकडे, चालींचा आकडा तिसरीकडे. एक सोंगटी सरकत असतानाच भाचीनं दुसरीवर बोट ठेवलं आणि पटावर दोन ११ आले, १२ गायब. दोन रात्री शोधत बसलो. चूक एका ओळीत नव्हतीच. तीन जागच्या नोंदींचा मेळ बसत नव्हता.

माझे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. कीर्दीत लिहिलेली रक्कम ते कधी खोडत नसत. चुकलं तर उलटी नोंद करायची. शिल्लक नोंदींवरूनच काढायची, मनानं मांडायची नाही.

खेळ मी तसाच पुन्हा लिहिला. खरी नोंद एकच: बोटांच्या टिचक्या, पडतील त्या क्रमानं. सुरुवातीचा पट घ्यायचा, त्यावर एकेक टिचकी लावत जायची. उरेल तो आत्ताचा पट. रिकामं घर कुठे, चाली किती, कोडं सुटलं का, सगळं त्यातूनच निघतं. चाल मागे घेणं हीसुद्धा कीर्दीतली आणखी एक नोंद. आणि सरकणारी सोंगटी? ती वेळेवर अवलंबून असलेली किंमत. कुठल्याही क्षणी विचारा, ती कुठवर आलीय ते सूत्र सांगतं. पट मात्र टिचकी पडताक्षणीच पुढे गेलेला असतो, त्यामुळे मध्येच आलेलं बोट त्याला गोंधळात टाकत नाही. कोनल एलियट आणि पॉल हुडाक या संगणकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये ॲनिमेशनसाठी हीच जोडी मांडली होती: वेळेनुसार बदलणाऱ्या किमती आणि घडणाऱ्या घटना.

पिसण्याचं मात्र सांभाळा. या कोड्याच्या निम्म्या मांडण्या सुटूच शकत नाहीत, हे १८७९ मध्येच सिद्ध झालंय. म्हणून आकडे वाटेल तसे पसरायचे नाहीत. सुटलेल्या पटावर दोनशे खऱ्या चाली खेळायच्या, की झालं. चाल लावणारं फंक्शन तेच, नवीन काही लिहावं लागत नाही.

सुरुवातीला डोकं उलट्या दिशेनं चालवावं लागतं, हे कबूल. पण मला ते पटलं ते भाषेच्या बटणाच्या वेळी. भाची कानडी शाळेत जाते, तिला कानडी आकडे हवे होते, आईला मराठी. पडदा पट आणि भाषा या दोन्हींवरून निघतो, एवढंच लिहिलं. डाव अर्ध्यात असताना बटण दाबलं. आकडे बदलले, सोंगटी एकही हलली नाही. आता आई वरच्या दोन ओळी मराठीत लावते आणि फोन नातीकडे देते. उरलेल्या दोन ती कानडीत लावते.