जंगलातल्या म्हणींचा खेळ : तिसऱ्या सेशननंतरची नोंद

गेल्या रविवारी नागपुरातील महाल भागातल्या आमच्या घरी मोहिमेचे, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या एका सलग कथेचे, तिसरे सेशन पार पडले, आणि इंद्रजाल कॉमिक्समधून टेबलटॉप आरपीजीसाठी (टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत आणि फासे टाकत खेळायच्या कथाखेळासाठी) नेमके काय उचलावे, याचे समाधानकारक उत्तर मला प्रथमच मिळाले. ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. तिचे मराठी अंक मी सीताबर्डीवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून बरीच वर्षे जमवत आलो आहे.

आरंभी, खेळ चालवणारा या नात्याने, मी वेताळाच्या (इंग्रजीतला ‘फँटम’, जंगलातला मुखवटाधारी नायक) एका अंकाचे कथानक जसेच्या तसे खेळायला घेतले. ते फसले. कॉमिकमधला नायक एकटा असतो आणि टेबलाभोवती चौघे बसतात. एकाने मुखवटा चढवला की उरलेले तिघे प्रेक्षक होतात. म्हणून कथानक सोडून मी वेताळाचे निर्माते ली फाक यांच्या मूळ कल्पनेकडे वळलो. १५३६ पासून बापानंतर मुलगा तोच वेश धारण करतो आणि आपली हकीकत बखरीत लिहून ठेवतो, बाहेरच्या जगाला मात्र तो एकच अमर पुरुष वाटतो, आणि खरे गुपित कवटीच्या गुहेजवळ राहणाऱ्या जमातीलाच ठाऊक असते. आमच्या खेळात त्यामुळे प्रत्येक सेशनला एक खेळाडू त्या पिढीचा रक्षक होतो आणि उरलेले गुपित राखणारे वनवासी होतात. हे वनवासी माझ्या मते रक्षकाहून महत्त्वाचे आहेत, कारण दंतकथा तेच घडवतात.

बखत बुलंद शाहाने नागपूर वसवले ते १७०२ चे वर्ष पहिल्या पिढीचे, सीताबर्डीच्या लढाईचे १८१७ हे पाचवीचे आणि आगगाडी नागपुरात आली ते १८६७ हे सातवीचे, अशी मांडणी मी केली आहे.

वेताळाच्या गोष्टींत ‘जंगलातली जुनी म्हण’ वारंवार येते. मी तिचा नियम केला. सेशन संपताना वनवासी मिळून रक्षकाच्या पराक्रमावर एक म्हण रचतात आणि ती पुढच्या पिढीच्या कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती नोंदवण्याच्या कागदावर) लिहिली जाते. आम्ही सहा बाजूंचे दोन फासे टाकतो आणि बेरीज ८ किंवा अधिक आल्यास यश मानतो, म्हणजे यशाची शक्यता सुमारे ४२ टक्के असते. लागू पडणाऱ्या म्हणीला मी प्रथम बेरजेत मिळवायचे २ गुण दिले होते, परंतु त्याने शक्यता ७२ टक्क्यांवर गेली आणि कोणतेही संकट संकट वाटेनासे झाले. आता १ गुण मिळतो, शक्यता ५८ टक्क्यांवर राहते, आणि फासे हातात घेताना खेळाडू पुन्हा श्वास रोखून धरतात.

पहिल्या पिढीतील रक्षक पूर आलेल्या कन्हान नदीत पोकळ वेताने श्वास घेत पाण्याखाली दडला होता. त्यावरून ‘रक्षकाला पाणी बुडवीत नाही’ अशी म्हण झाली. दुसऱ्या सेशनला, १८१७ च्या नोव्हेंबरात, पाचवा रक्षक एक निरोप घेऊन नदीकडे निघाला, तेव्हा मी विचारले की ही म्हण शत्रूनेही ऐकली असेल, तर तो पहारा कोठे ठेवील? टेबल एकदम शांत झाले. पहारा अर्थातच घाटावर होता. त्या दिवसापासून प्रत्येक म्हण दुधारी आहे: रक्षकाला १ गुण देते, आणि तो कोणत्या वाटेने येईल हे वैऱ्याला सांगते. खेळाडू आता म्हण रचताना अर्धा अर्धा तास वाद घालतात, आणि मोहिमेतला मला सर्वांत आवडणारा वेळ तोच आहे.

तिसऱ्या सेशनमध्ये एक अडचण उभी राहिली. १८६७ मध्ये आगगाडीने आलेल्या ठेकेदाराने यांतील एकही म्हण ऐकलेली नव्हती, त्यामुळे वनवासी झालेल्या मैत्रिणीने ती ऐकवूनही तो घाबरला नाही, आणि तिचा आक्षेप रास्त होता: न ऐकलेल्या म्हणीचा गुण का मिळावा? मी तो गुण काढून घेतला. चौथे सेशन म्हणूनच लढाईने सुरू होणार नाही. रुळांच्या कामावरील मजुरांच्या वस्तीत, रात्रीच्या शेकोटीजवळ, वनवासी झालेल्या तिघांना आधी ती म्हण सांगावी लागेल, आणि कोणी विश्वास ठेवला हे फासे ठरवतील.