सेन्सर नोडची बॅटरी आणि मार्गाची निवड : या टप्प्याची नोंद

लीच (LEACH) म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी सेन्सर नोडांचे गट (क्लस्टर) पाडून ऊर्जा वाचवणारा प्रोटोकॉल. त्याचे पायथनमधले सिम्युलेशन आता स्थिर चालते आहे. त्यामुळे या टप्प्यात नवे काही न जोडता ऊर्जेच्या हिशेबातले प्रत्येक पद सुटे करून तपासले. मधल्या नोडमार्फत माहिती पाठवणे नेहमीच स्वस्त पडते, या समजाला किती मर्यादा आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी २००० साली लीच मांडताना वापरलेले साधे रेडिओ-प्रारूपच मी घेतले आहे. त्यात पाठवताना आणि स्वीकारतानाही दर बिटमागे सर्किटला ५० नॅनोज्यूल लागतात आणि अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च अंतराच्या वर्गाबरोबर, दर चौरस मीटरला १०० पिकोज्यूल या दराने वाढतो. २००० बिटांचे पॅकेट १०० मीटरवर थेट पाठवायला २१०० मायक्रोज्यूल लागतात. बरोबर मध्यावर एक नोड घेतल्यास दोन प्रक्षेपणे (पाठवणे) आणि मधले एक ग्रहण (स्वीकारणे) मिळून १३०० मायक्रोज्यूलमध्ये काम होते. मात्र अंतर २० मीटरच असेल, तर थेट पाठवण्याचा खर्च १८० आणि मधल्या नोडमार्फत ३४०. या प्रारूपात दोन्ही खर्च सुमारे ४५ मीटरवर सारखे होतात. दाट नेटवर्कमध्ये जवळच्या नोडकडून जवळच्या नोडकडे उड्या मारत जाणारा मार्ग महाग का पडतो, त्याचे कारण मधल्या नोडचे ग्रहण आणि पुन्हा प्रक्षेपण यांच्या सर्किट-खर्चात आहे.

क्लस्टर-हेडच्या, म्हणजे गटातल्या नोडांची माहिती गोळा करून पुढे पाठवणाऱ्या नोडच्या, पाळ्यांबाबत थोडक्यात सांगतो. पाच टक्के प्रमाण ठेवल्यास वीस फेऱ्यांत प्रत्येक नोडची पाळी एकदा येते, पण मूळ लीच उरलेली ऊर्जा विचारात घेत नाही. यूनिस आणि फाहमी यांचा २००४ चा हीड प्रोटोकॉल ती घेतो, आणि म्हणूनच तो मला अधिक पटतो.

प्रत्यक्ष नोडकडे वळल्यावर हिशेबाचा तोलच बदलतो, आणि माझ्या मते ही बाब या छंदात पुरेशी बोलली जात नाही. सीसी२४२० या रेडिओ चिपला ग्रहणाच्या वेळी १८.८ मिलिअँपिअर लागतात, तर पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करताना १७.४, म्हणजे ऐकणे हे बोलण्यापेक्षा महाग आहे. २५० किलोबिट प्रतिसेकंद वेगाने १२७ बाइटची सर्वांत मोठी फ्रेम जायला जेमतेम चार मिलिसेकंद लागतात. नोडने मिनिटाला एकच फ्रेम पाठवली, पण रेडिओ सतत चालू ठेवला, तर २५०० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटऱ्या साडेपाच दिवसांत संपतात, मग मार्ग कितीही काटेकोरपणे निवडलेला असो. तोच रेडिओ एक टक्का वेळच जागा ठेवला, तर निव्वळ ऐकण्यापुरता हिशेब दीड वर्षापर्यंत जातो.

त्यामुळे मार्गाच्या किमतीत मी आता तीन पदे धरतो आहे: प्रक्षेपण, मधल्या नोडचे ग्रहण आणि त्या नोडला जागे राहावे लागणारा वेळ. सिंकच्या, म्हणजे सगळी माहिती शेवटी जिथे जमा होते त्या केंद्राच्या, लगतचे नोड सगळ्यांची पॅकेटे पुढे नेतात आणि सर्वांत आधी संपतात. ते संपले की मागच्या नोडांमध्ये ऊर्जा शिल्लक असूनही माहिती पोहोचत नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात एकूण ऊर्जेऐवजी मार्गावरच्या सर्वांत अशक्त नोडची शिल्लक हा निकष लावून, पहिला नोड कोणत्या फेरीत बंद पडतो याचा आलेख काढणार आहे.