गायरानावरचा किल्ला

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना फोर्ट युनियनला नेते. परतताना गाडीत तोच प्रश्न येतो: "अहो, किल्ला म्हणालात आणि मातीच्या भिंती दाखवल्यात. चहूकडे नुसतं कुरण! किल्ल्यात गुरं शिरली कशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी डोळ्यांसमोरचा रायगड बाजूला ठेवा. हे मैदानातलं लष्करी ठाणं. सांता फे शहराकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे मालगाड्यांचे, म्हणजे बैलांनी-खेचरांनी ओढायच्या गाड्यांचे, तांडे राखायला १८५१ मध्ये अमेरिकन लष्कराच्या कर्नल समनरनं वसवलेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात इथे चांदणीच्या आकाराचा मातीचा कोट उभा राहिला आणि १८६३ पासून तिसरं, सगळ्यांत मोठं बांधकाम सुरू झालं. नैऋत्येतल्या कितीतरी ठाण्यांची रसद इथून निघायची.

पण जमीन लष्कराची नव्हतीच. १८३५ मध्ये मेक्सिकोच्या सरकारनं मोरा खोऱ्यातला हा मुलूख ७६ जणांना वसाहतीसाठी दिला होता. (त्याआधीपासून तिथे हिकारिया अपाचे आणि यूट या मूळच्या जमातींचा वावर होता, त्यांना कुणी विचारलं नाही.) नदीकाठी प्रत्येकाची शेती आणि बाकीचं रान सगळ्यांचं, आपल्याकडचं गायरानच म्हणा. अमेरिकन राजवट आल्यावर वकील आणि धनिक मंडळींनी गावकऱ्यांचे हिस्से विकत घ्यायला सुरुवात केली. त्यांत यादवीतला सेनानी बेंजामिन बटलर होता. १८७९ मध्ये रेल्वे आली, गाड्यांची वाट ओस पडली, १८९१ मध्ये सैन्य निघून गेलं. रान राहिलं, ते बटलरच्या कुटुंबाच्या कंपनीच्या गुरांना. म्हणून मी म्हणते, किल्ल्यात गुरं शिरली नाहीत. गायरानावर किल्ला येऊन बसला होता. आणि तो उठला तेव्हा गायरान ज्यांचं होतं त्यांना ते परत मिळालं नाही. मला हेच सगळ्यांत जास्त लागतं.

भिंतींचं म्हणाल तर त्या कच्च्या विटांच्या. लोकांनी दारं, खिडक्या, छपराच्या तुळया काढून नेल्या आणि वरून पाऊस मोकळा झाला. आमच्या गावची गढी अशीच गेली. तिची पांढरी माती लोकांनी धाब्यांवर पसरायला पाटी-पाटीनं नेली. इथे पक्क्या विटांची धुराडी तेवढी ताठ उभी आहेत. एका ठिकाणी भिंत गुडघ्याएवढी उरलीय आणि शेजारी चूल शाबूत, तिच्या तोंडाशी विटांची कमान.

१९५४ मध्ये कायदा झाला, कंपनीनं सातशेवीसेक एकर जागा दिली आणि १९५६ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं. तेव्हापासून माणसं त्या भिंतींना मातीचा गिलावा देत आलीत. पाऊस तो धुतो, ती पुन्हा देतात.

पुढच्या वेळी आलात की गाड्यांच्या चाकोऱ्या दाखवीन. गवतात अजून दिसतात, खोलगट, एकीशेजारी एक. स्मारकाच्या हद्दीवर त्या थांबत नाहीत. कुंपणाखालून तशाच पलीकडच्या कुरणात जातात.