पेटी शिकणाऱ्यांचा ग्रुप आणि माझे १९ दिवस

नवीन शिकणाऱ्यांसाठी चॅट ग्रुप कसा काढायचा असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पण सगळ्यात आधी हे ऐका, लोकांना स्वतःच्या हाताने एकेक करून ॲड करू नका. लिंक पाठवा आणि ज्याला यायचं त्याला येऊ द्या. माझे १९ दिवस यात गेले आणि अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

मी गोव्यातल्या फोंड्याची. लहानपणापासून भजनात पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर बसते. आमच्याकडे दर वर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) महिनाभर आधी कोणी ना कोणी येतं, ताई, आरतीपुरती तरी पेटी शिकव. घुमट-शामेळ ही आमची तालवाद्यं वाजवणारे घराघरात असतात पण पेटी धरायला माणूस नसतो. पेडण्याहून किंवा काणकोणहून कोणी संध्याकाळी क्लासला येऊ शकत नाही, परतीची बस चुकली की संपलं. म्हणून म्हटलं ग्रुप काढूया, व्हॉइस मेसेजवर शिकवता येतं. ॲप कुठलं घ्यायचं यात जास्त वेळ घालवू नका. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, सिग्नलवर १०००, टेलिग्रामवर २ लाख, आणि आपल्याला सुरुवातीला पन्नास मिळाली तरी खूप. मी कुठलं घेतलं ते लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही ॲपवर होऊ शकतं.

झालं असं की एका भजनाच्या कार्यक्रमात मी वही ठेवली होती, ज्यांना शिकायचंय त्यांनी नाव-नंबर लिहा म्हणून. ६४ नावं आली. इतका आनंद झाला मला की त्याच रविवारी संध्याकाळी वही मांडीवर घेऊन बसले, नंबर सेव्ह करायचा, ग्रुपमध्ये टाकायचा, पुढचा नंबर. बावन्नपर्यंत पोचले. साडेनऊला चहा करून आले तर स्क्रीनवर एकच ओळ, हे खातं वापरता येणार नाही. मला आधी वाटलं नेट गेलं. फोन बंद करून चालू केला, ॲप काढून परत टाकलं, तीच ओळ.

नंतर कळलं की असं का होतं. या कंपन्यांचं मशीन फक्त वागणूक बघतं. थोड्या वेळात खूप अनोळखी नंबर ॲड झाले, त्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही, त्यातल्या काहींनी गोंधळून रिपोर्ट दाबलं किंवा लगेच बाहेर पडले, तर लोन विकणारा आणि तुम्ही यात मशीनला फरक दिसत नाही. वहीत सही करून दिलेला नंबर आहे हे त्याला कोण सांगणार!

अपीलचा फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आम्ही तपासलं, नियमभंग दिसतो. कुठला नियम ते नाही. परत लिहिलं, सविस्तर, पेटीचा क्लास आहे, लोकांनी स्वतः नाव दिलंय, वहीच्या पानाचा फोटोसुद्धा जोडला (नंबर झाकून). शब्दन् शब्द तेच उत्तर. सहाव्या दिवशी तिसऱ्यांदा लिहिलं, त्याला तर उत्तरच नाही. मामलेदार कचेरीत निदान खिडकीच्या पलीकडे माणूस असतो, साहेब जेवायला गेलेत एवढं तरी सांगतो. इथे कोणाला भेटायचं? रोज सकाळी उठून मेल बघायचा आणि रोज तेच.

आणि त्याहून वाईट म्हणजे ग्रुप चालूच होता. अ‍ॅडमिन मी एकटी, आणि मीच बाहेर. ग्रुपची लिंक मी उत्साहाने फेसबुकवर टाकली होती, कोणीही दाबा आणि आत या. चौथ्या दिवसापासून घरबसल्या रोज ५००० कमवा, शेअरच्या टिप्स, कसल्या कसल्या लिंक. लोक मला फोन करून विचारायचे, ताई हे काय चाललंय, आणि मला एक मेसेज काढता येत नव्हता. कॉलेजमधल्या एका मुलीला कोणीतरी ग्रुपमधून नंबर उचलून रात्री मेसेज करायला लागला. ते ऐकून मला रडू आलं, कारण तिचा नंबर मीच तिथे टाकला होता. ५२ चे २३ उरले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी खातं आपोआप चालू. कारण नाही, माफी नाही.

तर हे करा. पहिल्याच दिवशी दुसरा अ‍ॅडमिन, जमलं तर तिसरा. नवीन माणूस आत घ्यायला अ‍ॅडमिनची मंजुरी लागते ती सेटिंग आधी चालू करायची, मग लिंक. लिंक उघड्यावर टाकायची नाही, आणि टाकलीच तर दर महिन्याला रद्द करून नवीन काढायची. मुलींना आधीच सांगा की नंबर सगळ्यांना दिसतो, ज्यांना नको त्यांच्यासाठी नंबर लपवता येणारं ॲप घ्या.

दुसरा अ‍ॅडमिन मिळवणं पण सोपं नव्हतं. जो तो म्हणतो, कोणी काही भलतंसलतं टाकलं तर पोलीस मलाच धरतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, त्याचा त्यात समान हेतू दिसला पाहिजे. आपलं पर्वरीचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं. हे दाखवलं तेव्हा डिचोलीचे एक निवृत्त सर तयार झाले आणि आता ते माझ्यापेक्षा कडक आहेत.

परत सुरू केल्यावर तीन आठवडे ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग. मी विचारलं, कोणाला काही अडचण? कोणी बोलेना. मग लक्षात आलं की आमच्यातले चांगले वाजवणारे अख्खी नाट्यगीतं रेकॉर्ड करून टाकत होते, आणि ते ऐकून नवीन माणूस सारेगम कशाला टाकेल? त्यांच्याशी एकेकट्याने बोलले, तुम्ही फक्त उत्तरं द्या, वादन इथे नको. एक जण रागावला, गेला. जाऊ दे. सोमवारी मी एकच अलंकार (स्वरांचा सराव) टाकायचा, अगदी सावकाश, आणि बाकीच्यांनी वीस सेकंदांपेक्षा मोठं पाठवायचं नाही असं ठरवलं.

पहिला व्हॉइस मेसेज पेडण्याच्या एका काकींचा. चौदा सेकंद. मागे पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, आणि सारेग रेगम गमप, गमपला एक बोट चुकून शेजारच्या पट्टीवर. शेवटी हळूच, बाय, माझी पट्टी खंयची गो? म्हणजे, माझा सा कुठल्या स्वरावर धरायचा? मी तो मेसेज चारदा ऐकला. बहुतेक सगळ्या नवीन माणसांचा हाच प्रश्न असतो. मी लिहिलं, आधी सा पांढरी एकवर (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर) धरा, सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, हात बसू दे. गाताना मात्र खालच्या पंचमापासून (प) वरच्या मध्यमापर्यंत (म) गळा न ताणता जाईल तिथे सा ठेवा. काकींची काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी निघाली. त्या संध्याकाळी आणखी सात जणांनी पाठवलं. सात! आता ११८ आहोत आणि त्यातले निम्मे काकींच्या ओळखीतून आलेत, माझ्या वहीतून नाही.

हो, एक राहिलं. लोक रोमनमध्ये लिहितात, कोंकणीत लिहितात, मराठी-कोंकणी मिसळून लिहितात. भाषा सुधारायला जाऊ नका, गप्प होतात.

आणि पावसाळ्याची तयारी ठेवा. जूनपासून ग्रुपवर एकच विषय, पट्टी दाबली की वर येत नाही. दमटपणाने लाकूड फुगतं, पेटी जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवू नका, वाजवून झालं की झाकून उंचावर ठेवा, आणि घाईने स्क्रू खोलू नका. मग कोणीतरी दुरुस्तीवाल्याचा नंबर मागतो. तो ग्रुपवर टाकायचा नाही, आधी त्याला विचारायचं आणि मागणाऱ्याला वेगळा पाठवायचा.