कंबरेतला तडा

एकाच फळीतून शेजारीशेजारी चिरलेल्या लहरदार मेपलच्या दोन साइड, म्हणजे गिटारच्या अंगाच्या बाजूच्या पट्ट्या. दोन्ही घासून 2 मिलिमीटरवर आणलेल्या. पहिली कुरकुर न करता वाकली. दुसरीला कंबरेत तडा गेला. का, ते अजून पटेल असं सापडलेलं नाही.

वाकवायचा जिग, म्हणजे गरम साचा, मी स्वतः बनवलाय. मूळ कल्पना माझी नाही; गिटार बनवणारे चार्ल्स फॉक्स यांच्या नावाने ओळखली जाते. अर्ध्या गिटारच्या आकाराचे प्लायवुडचे दोन तुकडे, त्यांना जोडणारे आडवे दांडे, पोटात फिलामेंटचे बल्ब. वर स्क्रू, तो कंबरेचा ठोकळा खाली दाबतो. वरचा आणि खालचा फुगवटा स्प्रिंगने ओढलेले दांडे बसवतात. एलईडी आल्यापासून हे बल्ब मिळणं कठीण झालंय. वीज वाया घालवून तापणारा बल्ब जगाला नकोसा झाला, पण आमची शेगडी तीच आहे.

खरा जीव मी ओतला तो धातूच्या पट्ट्यांत. लाकूड दोन पातळ पट्ट्यांमध्ये धरलं की वाकाच्या बाहेरच्या अंगाला ताणल्या जाणाऱ्या तंतूंना पाठीमागून आधार मिळतो. साधं लोखंड चालत नाही. ओल्या लाकडातल्या टॅनिनशी गाठ पडली की काळे डाग उठतात आणि पांढऱ्या मेपलवर ते लपत नाहीत. म्हणून स्टेनलेस, आणि वर ओला कागद. पाणीही बेतानेच. लहरदार मेपल भिजत घातलं की पृष्ठभाग पन्हाळी होतो, मग घासून घासून जाडीच उरत नाही.

त्या दिवशी पहिली साइड काढून, साचा गरम असतानाच दुसरी चढवली. वरच्या पट्टीवरचा तापमापक 120 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, वाफ दिसली, स्क्रू हळूहळू फिरवला. शेवटच्या थोड्या अंतरावर स्क्रू जड झाला. थांबलो. परत अर्धा फेरा. आतून बारीकसा ‘कट्’ आला. वरून काहीच दिसत नव्हतं. 150ला शिजवून, थंड करून उघडलं तेव्हा बाहेरची बाजू निर्दोष, तडा गिटारच्या आतल्या अंगाला. कंबरेत आतलंच अंग ताणलं जातं, त्यामुळे जागा अपेक्षितच.

माझा भागीदार अजून तापत्या नळीवर हाताने वाकवतो. त्याचं म्हणणं, लाकूडच वाकडं: लहर म्हणजे पृष्ठभागाला ठिकठिकाणी छेदून बाहेर येणारे तंतू, तिथे तुटणारच. आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं, "सरस भर, मागे पट्टी चिकटव. आत कोण बघतंय?" या धंद्यातली निम्मी दुरुस्तीची कामं याच वाक्यातून जन्माला येतात. पण नळीवर लाकूड नरम पडलेलं बोटांना कळतं, माझ्या जिगमध्ये ते पत्र्याआड शिजतं, हे त्याचं बोलणं मला खोडता येत नाही.

तरी लाकडावर खापर फोडायला मी तयार नाही. लहर पहिल्या साइडलाही तेवढीच होती. फरक होता तो साच्याच्या उष्णतेचा. बल्ब खाली, तापमापक वर. साचा आधीच तापलेला असेल तर वरचा आकडा 120ला पोचेपर्यंत खालचं अंग वाळून कोरडं पडत असावं, आणि कंबरेत ताण नेमका त्याच अंगावर. हा तर्कच आहे, पुरावा नाही. त्याच फळीचे अरुंद तुकडे उरलेत. खालच्या पट्टीखाली दुसरा तापमापक बसवून एक थंड साच्यात आणि एक गरम साच्यात वाकवून बघणार आहे.

गिऱ्हाइकाला तडा दाखवला. त्याने विचारलं, "आवाजात फरक पडेल?" कंबरेतल्या दुरुस्त केलेल्या केसभर तड्याने आवाज बदलत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. "मग हीच लावा," म्हणाला. भागीदार माझ्याकडे बघून हसला. मी मात्र नवी जोडी चिरायला घेतली आहे आणि त्यावरून आमची धुसफूस अजून चालू आहे.