डोक्यावरची तुळस

वारीत दिवे घाट चढताना माझी नजर एका मानेवर खिळली होती. पुढे चालणाऱ्या मावशींच्या. डोक्यावर चुंबळ, त्यावर पितळी तुळशीवृंदावन, दोन्ही हात मोकळे. एकादशीचा उपास, पुण्याहून सासवडचा तीस किलोमीटरच्या वरचा टप्पा, आणि वृंदावन तसूभरही कलत नव्हतं. माझी मान संगणकासमोर बसून पुढे आलेली. पाठीवरच्या छोट्या पिशवीनंही ती दुखत होती.

मावशी परभणीकडच्या. आठव्या वर्षापासून दोन कोसांवरून पाणी आणायच्या. "मान ताठ करू नको माऊली, नजर पुढं ठिव. मान आपोआप येती," म्हणाल्या. घरानं ज्या मानेवर हंडे ठेवले, तीच मान आता दिंडीच्या पुढे तुळस घेऊन चालत होती. तुळस डोक्यावर असणारीला वाकता येत नाही, आणि कुणी वाकायला सांगतही नाही. उलट रस्त्याकडेचे म्हातारे, फेटेवाले, शाळकरी पोरं तिच्या पायांना हात लावतात. तिच्या सासरी असं एकदा तरी झालं असेल का, हा विचार सासवडपर्यंत सुटला नाही.

माझ्या आजीनं मला शिकवलं होतं, बाईची पावलं वाजू नयेत. पावली, म्हणजे दिंडीतला ठेक्यावरचा नाच, खेळताना पाय आपटावा लागतो, टाळाबरोबर, सगळ्यांनी एकदम. पहिले चार दिवस माझा पाय जमिनीला नुसता टेकायचा. लोणंदच्या पुढे, चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, घोडा धावला, फुगड्या सुरू झाल्या, आणि माझ्या टाचेचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पदर कुठे होता, आठवत नाही.

पण सगळंच सुटलं नाही. बायका दिवसभर पाणी घोटघोटच प्यायच्या, आडोसा मिळेल की नाही या धास्तीनं. पहाटे तीनला उठून अंधारातच शेताकडे जायचं. आमच्यातल्या तिघी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. एकीला त्यानं मळमळत होतं, तरी ती चालत होती. आणि त्याच आठवड्यात दिंडीत सोयराबाईंचा अभंग झाला. चोखोबांच्या या बायकोनं चौदाव्या शतकात विचारलं होतं की देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा झाला तो कोण? आम्ही सगळ्यांनी तो मोठ्यानं म्हटला. गोळ्यांची पाकिटं पिशवीतच राहिली. मला त्या रात्री झोप आली नाही. राग आला होता, माझ्यावरही, कारण तिसरी मीच होते.

पंढरपुरात महाद्वारी पोचलो तेव्हा पाऊस होता. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. त्यांना देवळात कधीच घेतलं नाही. त्यांच्या समाजासाठी ते दार उघडायला १९४७ उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

मावशींनी तुळस माझ्या हातात दिली. चुंबळ काढली, केस सारखे केले. आळंदीपासून न वाकलेली ती मान हळूहळू खाली गेली, कपाळ दगडाला टेकलं. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. मी वृंदावन दोन्ही हातांनी धरून उभी होते. ते फार जड होतं.