बकेट पुढे, वजन मागे: आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप सांगली जिल्ह्यात पलूसजवळ आहे. किर्लोस्करवाडी इथून हाकेच्या अंतरावर. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला आणि तेव्हापासून या पट्ट्यात लोखंडाचं काम करणारी माणसं शोधावी लागत नाहीत. माझे वडील त्यातलेच, वेल्डर. २००८ साली मी त्यांच्याच शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं: उसाच्या ट्रॉल्या, डंपिंगचे जॅक, मोडलेले कल्टिव्हेटर.

लोडरकडे, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवायच्या बकेटवाल्या उचलणीकडे, वळलो ते एका म्हशीवाल्या अण्णांमुळे. गोठ्यात चाळीस म्हशी आणि शेण भरायला माणूस मिळेना. मला म्हणाले, "ट्रॉली उचलणारा जॅक बसवतोस, मग बकेट उचलणारा का न्हाई बसवत?" प्रश्न बिनतोड होता. तीन आठवडे खपून त्यांच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवला. ट्रॅक्टर पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा, टू व्हील, म्हणजे इंजिनचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना.

चाचणीच्या दिवशी निम्मी गल्ली जमली. बकेट उकिरड्यात घातली, लिव्हर ओढला आणि मागची चाकं जागेवरच गरागरा फिरायला लागली. ट्रॅक्टर हलेना. अण्णांची दोन पोरं उडी मारून मागे लिंकेजवर, म्हणजे अवजार जोडायच्या दांड्यांवर, उभी राहिली. चाकांनी पकड घेतली, बकेट भरून वर आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. आम्हीही हसलो. पुढे दीडेक वर्ष गिऱ्हाइकांना आम्हीच सांगत होतो, "अडलं तर मागं दोन पोरं उभी करा." त्यातलं एखादं पोर चाकाखाली गेलं असतं तर? कुणाला काही झालं नाही, हे नशीब.

पहिलं खरं नुकसान आमच्याच चुकीनं झालं. शेतीच्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं जोडलेले, तोच त्याचा कणा. आम्ही लोडरचे खांब क्लच हाउसिंगच्या बोल्टांवरच पेलले होते. एका गिऱ्हाइकाचं हाउसिंग तडकलं. ते आम्ही पदरमोड करून बदलून दिलं. तेव्हापासून पुढच्या नाकापासून मागच्या एक्सलपर्यंत चॅनेलची अखंड फ्रेम टाकल्याशिवाय लोडर बाहेर जात नाही. किंमत वाढते, काही जण तेवढ्यावरून परत जातात. जाऊ देत.

पण चाकं का फिरतात, हे कोडं सुटलं वजनकाट्यावर. गाळप हंगाम संपला होता, काटा रिकामा होता. आमचा टू व्हील लोडर ट्रॅक्टर नेला आणि नुसती मागची चाकं काट्यावर घेतली. बकेट रिकामी असताना मागे भरले १,१६० किलो. मग बकेटमध्ये ४५० किलो ओलं शेणखत भरलं. मागे राहिले ८४०! ट्रॅक्टरवर ओझं चढलं आणि मागची चाकं ३२० किलोनं हलकी झाली. ते वजन गेलं पुढच्या एक्सलवर. पुढचा एक्सल हा तराजूचा टेकू, बकेट एका पारड्यात आणि मागची चाकं दुसऱ्या. म्हणजे टू व्हीलमध्ये ट्रॅक्टर ढकलणारी चाकं ऐन गरजेच्या वेळी हवेत जायला बघतात, आणि पुढच्या बारक्या सहा-सोळाच्या टायरवर सगळा डोंगर येतो. पुढचे बेअरिंग आणि स्टब एक्सल का मरतात, तेही तिथंच कळलं.

मग दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये काँक्रीट ओतून केलेला ४०० किलोचा ठोकळा मागे लिंकेजला टांगला. काट्यावर मागचं वजन ८४० चं १,४०० झालं. चारशेचा ठोकळा आणि वाढले पाचशे साठ! काट्यावरच्या माणसानं काट्याला दोन टपल्या मारल्या. काटा बरोबर होता. ठोकळा मागच्या एक्सलच्याही मागे लोंबतो, म्हणून तो पुढचे १६० किलोही मागे ओढून आणतो. त्या दिवसापासून ठोकळा हा आमच्या लोडरचा सुटा भाग राहिला नाही. बिलातच येतो.

फोर व्हीलचं, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं, मोल मला २०१९ च्या महापुरानं शिकवलं. पाणी ओसरल्यावर भिलवडीच्या बाजूला गल्लीगल्लीत गाळ होता, गुडघाभर, साबणासारखा. आम्ही आमचा टू व्हील नेला, एका मित्रानं त्याचा फोर व्हील आणला. दोन्हीवर आमचाच लोडर, बकेट सारखीच. आमचा ट्रॅक्टर ठोकळ्यासकट दोनदा रुतला आणि दोन्ही वेळा मित्राच्या फोर व्हीलनंच ओढून काढला. कारण साधं आहे. बकेट भरली की वजन पुढे जातं, आणि फोर व्हीलमध्ये पुढची चाकंही ओढत असतात, त्यामुळे ते वजन वाया जात नाही.

उताराची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. टू व्हीलला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. शिराळ्याकडच्या एका गिऱ्हाइकानं भरल्या बकेटीनं, मागे वजन न लावता, ट्रॅक्टर उतारावर घेतला. ब्रेक दाबला, मागची चाकं लॉक झाली आणि ट्रॅक्टर घसरत बांधाला जाऊन टेकला. ड्रायव्हर थोडक्यात वाचला. फोर व्हीलमध्ये पुढच्या चाकांना जोर देणारा लिव्हर टाकलेला असेल, तर ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. म्हणून डोंगराकडच्या माणसाला मी टू व्हीलवर लोडर बसवून देत नाही. या एका बाबतीत घासाघीस नाही.

मग सगळ्यांनीच फोर व्हील घ्यावा का? नाही. तुमचं काम गोठ्याच्या फरशीवर, सपाट, रोज दोन-चार ट्रॉल्या शेणाचं असेल, तर घरचा टू व्हील पुरतो. पाच फुटी बकेट, मागे ठोकळा आणि मागच्या टायरमध्ये पाणी. व्हॉल्व्ह वर घेऊन तिथपर्यंत पाणी भरलं की टायर पाऊण भरतो, १३.६-२८ च्या टायरला दीडशे किलोच्या वरच वजन मिळतं, तेही जवळपास फुकटात. शिवाय टू व्हील कमी जागेत वळतो, आणि आपल्याकडचे गोठे काही ट्रॅक्टर वळवायचा विचार करून बांधलेले नसतात.

फोर व्हील घेणाऱ्यांचीही एक खोड आहे. पुढच्या चाकांचा तो लिव्हर एकदा टाकला की काढायचं नाव नाही. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त ओढतील अशीच गिअरची मांडणी असते. मातीत ते चालून जातं, डांबरीवर मात्र टायर खरवडून निघतात. आणि ठिबकची जुनी नळी पुढच्या हबला गुंडाळली की सील गेलंच समजा. आठवड्यातून एकदा वाकून बघायला काय जातं?

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हापासून नवीन घेणारे "फोर व्हीलच घेऊ का?" असं जास्त विचारतात. मी उलट विचारतो: वर्षातले किती तास लोडर, किती तास रोटाव्हेटर? रान चिबड आहे का? उतार आहे का? लोडरचं काम निम्म्याहून जास्त आणि रान ओलं असेल, तर वरचा लाख-सव्वा लाख घालाच.

परवा त्याच म्हशीवाल्या अण्णांचा फोन आला. ट्रॅक्टर तोच, लोडर मात्र आमचा तिसरा. "चाक फिरतंय रे परत."

"अण्णा, ठोकळा कुठाय?"

"दारात काढून ठेवलाय. बसाय बरा पडतोय."